रुखवताचं कपाट

माझे कपडे अंगणात पडले होते.

साड्या, परकर, ब्लाउज, आतले कपडे, सगळे. बाजेवर मावले तेवढे बाजेवर, उरलेले मातीत. पलूसच्या एका दुकानातून आलेली दोन माणसं माझं लोखंडी कपाट आडवं करून टेम्पोत चढवत होती. कपाट रिकामं करायला मी थोडा वेळ मागितला होता. त्यांच्यातला टोपीवाला म्हणाला, "आमी करतो की रिकामं. तुमी कशाला तरास घेताय." आणि त्यानं खणाखणात हात घालून सगळं बाहेर ओढलं. एकेक कपडा टाकायच्या आधी तो नीट बघत होता. घाई नव्हती त्याला.

सातारा जिल्ह्यातल्या मेढ्यात, सासरी, आमची गल्ली चढाची आहे. वरच्या घरांतून खालचं अंगण दिसतं. वरची सगळी घरं दारात येऊन उभी होती. नुसती बघत होती. नंतर बोलायला भरपूर वेळ होता त्यांच्याकडं.

सासरे ओसरीवर आले. पलटणीतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. त्यांना मी मामा म्हणते आणि सासूला आत्या. मामांनी विचारलं, "काय भानगड हाय ही?" टोपीवाल्यानं मोबाइलमधला कराराच्या कागदाचा फोटो त्यांच्यापुढं धरला. "ह्यांच्या आईनं भाड्यानं नेल्यालं कपाट हाय. भाडं थकवलंय. वर न इचारता दुसऱ्या जिल्ह्यात आणून ठेवलंय. म्हंजे चोरीच की."

चोरी हा शब्द त्यानं वरच्या घरांना ऐकू जाईल असा टाकला.

मामा आत गेले. माझा नवरा फौजेत, तिकडं सीमेवर. आत्या पुढं आल्या आणि माझ्याकडं न बघताच म्हणाल्या, "कपडे उचल आदी. रडायचं त्ये आत."

मी कपडे उचलले आणि मला राग आला. टोपीवाल्याचा नाही. त्याला पाठवणाऱ्या दुकानाचाही नाही. आईचा. लाज वाटते लिहायला, पण तसंच झालं. मोरीत जाऊन दार लावलं आणि तिला फोन केला. म्हटलं, "माझ्या संसारात चोरीचं सामान घातलंस?"

आई म्हणाली, "व्हय गं. चुकलं माजं."

एवढंच. ती भांडली असती, दोन शिव्या दिल्या असत्या, तर मला बरं वाटलं असतं. तिनं न केलेला गुन्हा माझ्यासाठी लगेच कबूल केला. आणि मी तो तिच्या अंगावर तसाच ठेवून फोन बंद केला.

माझं माहेर सांगली जिल्ह्यातल्या कुंडलचं. आमचं घर गावाच्या खालच्या अंगाला, आमच्या लोकांची वस्ती पहिल्यापासून जिथं आहे तिथं. वडील मी शाळेत असतानाच गेले. आई पलूसच्या एका मंगल कार्यालयात भांडी घासायची. पंगत उठली की फरशी पुसायची. लग्नाला लागून लग्न असलं की तिथंच भांड्यांच्या खोलीत पडायची. इतकी लग्नं तिच्या हाताखालून गेली, पण अक्षता टाकायला ती कधी मांडवात गेली नाही. तिची जागा मागं, नळावर.

एक गोष्ट मात्र ती चुकवायची नाही. रुखवत. नवरीकडचं सामान हॉलच्या कोपऱ्यात मांडलं जातं ना, ते. पाहुणे जेवायला बसले की ही ओल्या हातानं जाऊन ते बघून यायची. घरी आल्यावर मला सगळं सांगायची. आज साखरेचं देऊळ होतं. आज लोकरीचं तोरण होतं. आज कपाट होतं, दाराला उभा आरसा असलेलं. कपाटाचं सांगताना तिचा आवाज वेगळा व्हायचा.

"तुज्या रुखवतात कपाट ठीवणार मी," म्हणायची.

"आणि आत काय ठेवणार? वारा?" मी म्हणायचे. दोघी हसायचो. आता आठवलं की मला हसू येत नाही. आमच्या घरात कपड्यांना दोरी होती, भिंतीपासून भिंतीपर्यंत. तिला त्या दोरीतून मला सोडवायचं होतं. हे मला तेव्हा कळायला हवं होतं.

कार्यालय ज्यांचं, दुकान त्यांचंच. कपाटं, फ्रिज, पलंग, मिक्सर. उसाचं रानही त्यांचंच आणि आजूबाजूच्या चार संस्थांत त्यांचीच माणसं. सगळा भाग त्यांना दादासाहेब म्हणतो. दुकानाबाहेर फलक होता: भाड्यानं न्या, भाडं फेडा, मालक व्हा. लग्नसराईत खाली आणखी एक ओळ लागायची: खास रुखवत योजना.

म्हणजे वस्तू आज न्यायची. दर महिन्याला भाडं द्यायचं. ठरलेली सगळी भाडी भरली की वस्तू तुमची. मधेच चुकलं, तर वस्तू दुकानाची आणि तोवर भरलेले पैसेही दुकानाचेच. हे शेवटचं फलकावर नव्हतं. कागदात होतं. कागदावर आईची सही घेतली, कागद त्यांनी ठेवून घेतला. तिनं तो मागितला नाही. ज्यांची भांडी घासतो त्यांच्याकडं कागद मागणं म्हणजे त्यांच्यावर संशय घेणं, असं आमच्यात समजतात. मोठ्या माणसाचा शब्द हाच कागद. ह्या समजुतीवर किती जणांचे बंगले उभे राहिले असतील, देव जाणे.

आई भाडं हातानं भरतच नव्हती. कार्यालयाच्या पगारातून ते तिथल्या तिथं कापून घेत. तिला ते सोयीचं वाटलं. "हातात आलं की खर्च हुतंय," ती म्हणायची, "तिकडल्या तिकडं गेल्यालं बरं."

लग्नाआधी दुकानाचा टेम्पो कपाट घेऊन थेट कुंडलला, आमच्या समाजमंदिरापुढं आला. टेम्पोला दुकानाचा कापडी फलक. कपाटाला लाल फीत. आईनं पत्रिका स्वतः दुकानात नेऊन दिली होती, पत्रिकेत मेढ्याचं नाव मोठ्या अक्षरात. दादासाहेब लग्नाला आले. पाच मिनिटांसाठी, पण आले. आईला इतका आनंद झाला की तिनं त्यांना फेटा बांधायला लावला, नारळ दिला, आणि माइकवाल्याला सांगून त्यांचं नाव पुकारलं. रुखवतापुढं उभं करून फोटो काढला. मामांच्या दोन भावांना साधी टोपी-टॉवेल आणि ह्यांना फेटा. मामा अजून धुसफुसतात त्यावरून.

मला वाटलं होतं आईनं पैसे साठवले. मी विचारलं नाही. नव्या नवरीला सगळं मिळत असताना ती कशाला विचारते. वऱ्हाडाबरोबर मेढ्याला आलेल्या त्या कपाटाच्या आरशात बघून मी भांग पाडला, आत डांबरगोळ्या टाकल्या, चावी कमरेला लावली. आणि तिकडं बरेच महिने गेले, पावसाळ्यात तिथी संपल्या. चातुर्मासात लग्नं नाहीत. लग्न नाही म्हणजे कार्यालय बंद, म्हणजे आईला काम नाही, पगार नाही, म्हणजे कापून घ्यायला काही नाही. काम त्यांनीच बंद केलं आणि भाडं थकलं म्हणून माणसंही त्यांनीच पाठवली. अगदी थोडी भाडी राहिली होती.

हे सगळं मला नंतर कळलं. त्या दिवशी मला फक्त चोरी एवढंच कळलं होतं.

मामांनी सांगितलं, "माहेरी जाऊन निस्तरून ये. आमच्या दारात वसुलीची माणसं कवा आली न्हवती."

मी कुंडलला गेले. घराला कडी. शेजारणीनं सांगितलं, आई पलूसला कामावर गेली आहे. मी म्हटलं, आता कुठली लग्नं? ती म्हणाली, "लग्न न्हाई गं. दंड फेडाय लागलीया."

कार्यालयाच्या त्या मोठ्या रिकाम्या हॉलमध्ये आई एकटी होती. खुर्च्या एकावर एक रचलेल्या. ती गुडघ्यावर बसून फरशीवरचे रंगाचे डाग खरवडत होती. रंगकाम काढलं होतं. मला बघून उठली आणि पहिलं काय केलं, तर पदर डोक्यावर घेतला, मी कुणी परकी असल्यासारखा. फोननंतर आम्ही बोललो नव्हतो.

"पगार मिळतो ह्याचा?"

"न्हाई. दंड फिटस्तवर न्हाई. त्येंनी केस न्हाई केली, लय झालं."

"कपाट तर त्यांनी नेलं. मग दंड कसला?"

तिला ते सांगता आलं नाही. तिनं विचारलंच नव्हतं. मी तिचा हात धरून शेजारच्या दुकानात गेले. तिच्या हातात पत्र्याची खरवडणी तशीच होती.

दादासाहेब गादीच्या खुर्चीत. समोर गिऱ्हाईक, नवरा-बायको, सोफा बघत होते. गिऱ्हाईक उठून जाईल म्हणून आम्ही दाराशी थांबलो. ते गेले नाहीत. दादासाहेबांनीच हाक मारली. "काय गं, बोल. ह्यांच्यापुढं बोल, आपलं काय चोरून नसतंय."

मी म्हटलं, "इतके महिने पैसे भरले. त्याचं काय झालं?"

ते शांतपणे म्हणाले, "तुझ्या आईनं भाडं दिलंय. किंमत न्हाई. वापरलं, भाडं दिलं, मिटलं. एसटीचं तिकीट काढलं म्हणून एसटी घरी नेतीस का?"

सोफावाले हसले. मीही हसले असते कदाचित, दुसऱ्या कुणाचं असतं तर.

"मग दंड कशाचा?"

"माल जिल्ह्याबाहेर नेला त्याचा. चोरीत बसतंय ते. तुझ्या आईकडं बघून मी गप हाय." मग ते पुढं झुकले. हे वाक्य मी जसंच्या तसं लिहिते आहे. "तुमच्यात कापडाला दोरी असती. कपाट कशाला पायजे हुतं तुमच्या लोकांना?"

सोफावाली बाई मान खाली घालून कापडाचा रंग बघू लागली.

मी आईकडं पाहिलं. आई खाली बघत होती आणि तिची मान हलत होती. हो, हो, असं. ती त्यांना दुजोरा देत होती. आमच्या दोरीला. मला ते सहन झालं नाही. तिच्या हातातली खरवडणी मी काढून घेतली आणि त्यांच्या टेबलावर ठेवली. म्हटलं, "आजपासून ही येणार नाही. तुम्ही केसच करा."

माझा आवाज चिरकला होता. शूरासारखा वगैरे नव्हता.

बाहेर आल्यावर आईनं माझा हात झटकला. "तुजा संसार मेढ्याला. तू जाशील निघून. हितं मला ऱ्हायचंय. कोण कामावर घील मला?" ती भर रस्त्यात ओरडत होती. मी तिला एक कप चहा घे म्हटलं. नको म्हणाली. ती चालत कुंडलच्या वडापच्या, शिटावर चालणाऱ्या जीपकडं गेली आणि मी मेढ्याला परत आले. तिच्यासाठी मी लढले, असं कुणी म्हणालं की मला हा रस्ता आठवतो. तिनं लढायला सांगितलं नव्हतं. मी माझ्या अपराधाचं ओझं हलकं करायला लढले आणि किंमत तिनं मोजली.

मेढ्यात मी आठवडाभर कुणाशी धड बोलले नाही. मग आत्याच एकदा भाकरी थापता थापता म्हणाल्या, "बचत गटाच्या मिटिंगला एक वकीलबाई आलती. बायकांना कोर्टातनं फुकट वकील मिळतोय म्हनली. फुकटचं कसलं असतंय कुणास ठाऊक. पर जाऊन बघ. घरात तोंड पाडून बसलीस म्हंजे काय कपाट चालत येणार हाय?"

मी गेले. कोर्टाच्या आवारात विधी सेवेची लहान खोली. वकीलबाई माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठ्या असतील. मी आधी बराच वेळ चोरीचंच सांगत राहिले. आईनं चोरी केली नाही, आईनं चोरी केली नाही. त्यांनी हात वर करून मला थांबवलं.

"कपाट कोण वापरत होतं?"

"मी."

"आईच्या मर्जीनं?"

"तिनंच दिलं होतं."

"मग तुम्हीसुद्धा ग्राहक. विकत घेणाऱ्याच्या संमतीनं जो वस्तू वापरतो, तोही कायद्यानं ग्राहक असतो."

मला आजवर पुष्कळ नावं मिळाली आहेत. शाळेत, गावात, दुकानात. ग्राहक हे नाव मला पहिल्यांदाच कुणी दिलं. मी ते परत विचारलं. त्यांनी परत सांगितलं.

मग त्या बोलत गेल्या आणि मी एकेक ध्यानात ठेवत गेले. रोख घ्या, हप्त्यानं घ्या, भाड्याभाड्यानं मालकी ठरलेली असू द्या, पैसे देणारा तो ग्राहक. नोटीस न देता, दारात माणसं पाठवून, सामान फेकून माल उचलायचा नाही. कागदात तसं लिहून घेतलं असलं तरी नाही. कागदातली अटच अन्यायाची आहे म्हणून भांडायचं, तर ते राज्य आयोगापुढं, मुंबईला. पण ज्या पद्धतीनं त्यांनी माल उचलला, सेवेत कसूर केली, फसवी जाहिरात केली, त्याची तक्रार जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात. आणि ती तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते. त्यांच्या दारात सांगलीला जायची गरज नाही. साताऱ्यात करा. एवढ्या किमतीच्या वस्तूला फी पण नाही. वकील नसला तरी स्वतः उभं राहता येतं.

"आणि चोरी?" मी म्हटलं.

"मालकानं स्वतःच्या टेम्पोनं पोचवलेलं कपाट चोरीचं कसं होईल? खरंच चोरी वाटत असती तर ते पोलिसांत गेले असते. ते का गेले नाहीत, तेवढा विचार करा."

मी विचार केला. एवढा साधा विचार मला मोरीतून फोन करायच्या आधी सुचला नव्हता.

तक्रार दाखल झाली. दुकानाचा जबाब आला. त्यात तीन गोष्टी होत्या. ही बाई कोण, करार हिच्या आईशी आहे. माल कुठं जाणार हे आम्हाला माहीत नव्हतं. भाडी थकली. त्यातल्या माहीत नव्हतं ह्या वाक्यावर मी घरात मोठ्यानं हसले. मामा दचकून बघायला आले. लग्नाचा व्हिडिओ लावून मी त्यांना दाखवला. दादासाहेब, डोक्यावर केशरी फेटा, हातात नारळ, मागं लाल फितीचं कपाट, आणि माइकवाल्याचा आवाज: मेढ्याच्या पाहुण्यांनी रुखवत पाहून घ्यावं.

"माझ्या भावांना टोपी-टॉवेल आन् ह्याला फेटा," मामा म्हणाले. पण पुढं म्हणाले, "हा कोर्टात दाखव." माझ्या बाजूनं त्यांनी काढलेला तो पहिला शब्द.

वकीलबाईंचं म्हणणं होतं, करार आईच्या नावावर आहे, तर आईचं शपथपत्र लागेल. मी आईला फोन केला. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मी कोर्टाची पायरी चढनार न्हाई." ती आता उसातलं तण काढायला, भांगलायला जात होती. कंबर धरते म्हणाली. मला पुढं बोलवलं नाही.

त्यानंतर काही दिवसांनी दुपारी आमच्या चढावर टेम्पो आला. तोच टेम्पो. मागं माझं कपाट, नवी लाल फीत बांधलेलं. वरची घरं पुन्हा दारात. ह्या वेळी टोपीवाला हात जोडून उतरला. आणि ड्रायव्हरशेजारून आई उतरली.

तिला त्यांनी शेतातून बोलावून आणलं होतं. तडजोडीचा कागद तिच्या पिशवीत होता. लेकीची सही घेऊन ये, कपाट तिच्या घरात, तू कार्यालयात, जुनं सगळं माफ. असं सांगून पाठवलं होतं.

मी तो ओसरीवर वाचला. दुकानदाराने माणुसकीच्या नात्याने सदर कपाट परत दिले असून तक्रारदाराचा गैरसमज दूर झाला आहे. तक्रार मागे घेत आहे. खाली माझ्या सहीची जागा.

"कर की सही," मामा म्हणाले. "वस्तू दारात आलीया. आन् काय पायजे?"

खरंच, आणखी काय पाहिजे? मीही क्षणभर तेच म्हणाले मनात. आरसा उन्हात चमकत होता. आत्या दारात उभ्या, त्यांची नजर कपाटावर. गल्लीचीही तिथंच. सही केली असती तर त्या दिवशी सगळे खूश झाले असते. पण तो कागद म्हणत होता की हे कपाट भीक म्हणून मिळालं. आणि चोरीबद्दल त्यात एक शब्दही नव्हता. म्हणजे ती तशीच राहणार. माणुसकीनं पोटात घातलेली चोरी.

मी टोपीवाल्याला म्हटलं, "ह्यात एक ओळ घाला. हिच्या आईनं चोरी केलेली नाही, आम्ही खोटं बोललो. मग करते सही."

त्यानं फोन लावला आणि आवाज मोठा करून मोबाइल माझ्यापुढं धरला. दादासाहेब म्हणाले, "असलं काय लिहून मिळत नसतंय. कपाट पायजे का शब्द पायजे, ते ठरव."

"शब्द."

"मग कपाट बी न्हाई आन् तुझ्या आईला काम बी न्हाई. सांग तिला."

सांगायची गरज नव्हती. आई ऐकत होती. ती माझ्याजवळ आली. खाली वाकली. मला आधी वाटलं चप्पल सरळ करते आहे. ती माझ्या पायाला हात लावत होती. माझी आई. मी मागं सरले, ओसरीच्या खांबाला आपटले. आत्यांनी येऊन तिला उठवलं.

"आई," मी म्हटलं, "तू चोरी केलीस?"

तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला. मग म्हणाली, "न्हाई."

फोनवर मी तिला पुसायला हवं होतं ते हेच. तेव्हा मी पुसलं नव्हतं, सांगितलं होतं.

"मग तेवढं लिहू दे की त्यांना."

आईनं पिशवी उचलली. "तुजं खरं असंल," ती म्हणाली. "पर खऱ्यावर चूल पेटत न्हाई." आत्या म्हणाल्या, "इहीणबाई, दोन दिस ऱ्हावा." ती म्हणाली, "लेकीच्या दारात किती दिस ऱ्हायचं." आणि ती टेम्पोत जाऊन बसली. ड्रायव्हरशेजारी, समोर बघत. कपाट मागं. टेम्पो चढावरून उलटा घेत घेत खाली गेला. तिनं मागं वळून पाहिलं नाही.

मी दोषी आहे, हे मला कुणी सांगायला नको. तिच्या हातातलं काम माझ्या एका शब्दापायी गेलं. आत्ता मी हे लिहिते आहे तेव्हा ती कुणाच्या तरी उसात वाकलेली असेल. मी दर महिन्याला तिला पैसे पाठवते. ती परत पाठवते. भांडणात पण ती माझ्यासारखीच आहे, हट्टी.

माझं शपथपत्र तयार करताना मी वकीलबाईंना मोरीतला फोन सांगितला. आतापर्यंत कुणालाच सांगितला नव्हता. त्या म्हणाल्या, "ते लिहायची गरज नाही. उलट त्यांच्या वकिलाच्या हाती कोलीत मिळेल."

मी म्हटलं, लिहा.

कारण नुकसान कपाटाचं झालेलं नाही. पत्र्याचं कपाट काय, आज ना उद्या घेईन. नुकसान हे झालं की त्यांच्या माणसानं माझ्या अंगणात एक शब्द टाकला आणि मी तो उचलून माझ्या आईवर फेकला. तिला न विचारता. मानसिक त्रासाची भरपाई म्हणून तक्रारीत जे कलम घातलं आहे, त्याचा अर्थ माझ्यापुरता एवढाच आहे.

तारीख लागली आहे. आई येणार नाही, मला माहीत आहे. मी येईन असं वकीलबाईंना म्हणाले आहे आणि मी जाणार. साताऱ्यात ते हरले नाहीत तर मुंबईला, राज्य आयोगात, त्या कागदातल्या अटीवरच जाणार. त्यांचा वकील मला विचारणार, आईला पहिल्यांदा चोर तुम्हीच म्हणालात ना? मी हो म्हणणार आहे. सगळ्यांसमोर, मोठ्यानं, आमच्या वरच्या घरांना ऐकू जाईल अशा आवाजात. आणि मग दादासाहेबांकडं बघून विचारणार आहे, हा शब्द माझ्या तोंडात कुणी घातला. ह्याचं उत्तर ते लेखी देईपर्यंत मी कुठल्याही कागदावर सही करणार नाही, माझी आई पुन्हा पाया पडायला आली तरी.